ड्राय फॉल्सची दरी काही दिवसांत कोरली गेली का?

आपला प्रश्न इतर वाचकांसाठी थोडक्यात पुन्हा मांडतो. आपण सिएटलजवळ राहता, सुट्टीत कुटुंबासह पूर्व वॉशिंग्टनमधील ड्राय फॉल्स पाहायला गेला होता, आणि समोरची प्रचंड कोरडी दरी हिमयुगाच्या अखेरीस आलेल्या महापुरांनी कोरली आहे, असे तेथे आपल्या वाचनात आले. नदीला दरी कोरायला लाखो वर्षे लागतात, असे शाळेत आपण सगळेच शिकलो. मग हा टणक काळा कातळ इतक्या थोड्या वेळात कसा फुटला, पूर एकच होता की अनेक, आणि सह्याद्रीतही हाच बेसॉल्ट असताना आपल्याकडे असे का घडले नाही, हे आपले तीन प्रश्न आहेत.

मी भूरूपशास्त्रात काम करतो. जुन्या पुरांच्या खुणा वाचणे हा माझ्या कामाचा मोठा भाग असून त्यातला बराचसा काळ दख्खनच्या बेसॉल्टवर गेला आहे. कोलंबिया पठारही पायाखाली घातले आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की आपल्या मनातला खरा पेच वेळेचा नसून मर्यादेचा आहे. नदी रोज थोडेथोडे कोरते, हे शाळेतले चित्र मऊ दगडाच्या बाबतीत बऱ्याच अंशी चालून जाते. सांध्यांनी चिरलेल्या टणक कातळाचे मात्र तसे नसते. पाण्याचा जोर एका मर्यादेच्या खाली असेल, तर हजार वर्षे पाणी वाहूनही तो कातळ जवळजवळ जसाच्या तसा राहतो, आणि ती मर्यादा ओलांडली की तासाभरात भिंतीच्या भिंती निघून जातात. म्हणून ‘किती वर्षे लागली’ यापेक्षा ‘पाणी त्या मर्यादेच्या वर एकूण किती वेळ होते’ असे विचारले, तर उत्तराची वाट सापडते.

हे उत्तर जागेनुसार बदलते, हेही आधीच सांगून ठेवतो. त्या भागात अशा कोरड्या दरीला कूली म्हणतात, आणि प्रत्येक कूलीचा इतिहास थोडा वेगळा आहे. बर्फाची आघाडी त्या वेळी कुठे होती यावर पाणी कोणत्या वाटेने जाणार हे ठरत असे, त्यामुळे एका कूलीबद्दल जे खरे आहे ते शेजारच्या कूलीला लावताना जपून राहावे लागते.

आता पाणी आले कुठून ते पाहू. सुमारे २०,००० ते १४,००० वर्षांपूर्वी कॅनडाच्या पश्चिम भागावर पसरलेल्या हिमस्तराच्या जिभा दक्षिणेकडे उतरल्या होत्या. त्यांतली एक जीभ आजच्या आयडाहो राज्याच्या उत्तर टोकाला, पाँड-ओरे सरोवराच्या परिसरात, क्लार्क फोर्क नदीच्या वाटेत आडवी आली आणि नदी तुंबली. मागे पश्चिम माँटानाच्या डोंगराळ खोऱ्यांत मिझूला हिमसरोवर साचले. बर्फाच्या बांधापाशी त्याची खोली ६०० मीटरच्या आसपास होती आणि त्यात सुमारे २,१०० ते २,५०० घनकिलोमीटर पाणी होते. आपल्या कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे जवळपास ३ घनकिलोमीटर आहे. तेव्हा सातशेहून अधिक कोयना एका बर्फाच्या भिंतीमागे उभ्या होत्या असे समजा. आजचे मिझूला शहर त्या सरोवराच्या तळाशी वसले आहे, आणि शहरालगतच्या माउंट सेंटिनेल व माउंट जंबो या डोंगरांच्या उतारावर जुन्या किनाऱ्यांच्या आडव्या रेघा एकाखाली एक अजून दिसतात. कोवळ्या उन्हात किंवा पातळ बर्फ पडल्यावर त्या इतक्या स्पष्ट असतात, की दाखवून द्याव्या लागत नाहीत.

बर्फाचा बांध ही मुळातच बेभरवशाची गोष्ट आहे, कारण बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो. मागचे पाणी बर्फाच्या जाडीच्या सुमारे नऊ दशांश उंचीपर्यंत चढले, की बांध तळातून उचलला जाऊ लागतो. त्याआधीच पाणी बर्फाखाली वाट काढू शकते आणि वाहत्या पाण्याच्या उष्णतेने ती वाट झपाट्याने रुंदावत जाते. आइसलँडमध्ये असे पूर आजही येतात. १९९६ मध्ये ग्रिम्सव्होट्न येथील हिमनदीखालच्या सरोवरातून निसटलेल्या पुराने सुमारे ५०,००० घनमीटर प्रतिसेकंद इतका विसर्ग गाठला आणि किनारपट्टीवरच्या महामार्गाचे पूल वाहून नेले. मिझूला सरोवर फुटल्यावर बांधाजवळचा सर्वोच्च विसर्ग सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर प्रतिसेकंद असावा, असे जलगणितावरून काढलेले आहे. आपल्याकडच्या मापात हे ६० कोटी क्युसेक होतात. कोयनेतून लाखभर क्युसेक विसर्ग सुरू झाला की सांगलीकरांची झोप उडते, एवढे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अंदाज येईल. काही दिवसांत सरोवर रिकामे होत असे, मग बर्फाची जीभ पुन्हा पुढे सरकून नदी अडवत असे आणि काही दशकांत सरोवर पुन्हा भरत असे.

हे पाणी स्पोकेनच्या परिसरातून नैर्ऋत्येकडे पसरले. कोलंबिया नदीचा नेहमीचा मार्ग पश्चिमेला दुसऱ्या एका बर्फाच्या जिभेने, ओकानोगन जिभेने, अडवलेला होता. त्यामुळे पाणी पठारावर चढले आणि पठाराच्या दक्षिणेकडच्या उताराने मिळेल त्या वाटेने धावले. पठारावर वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक पिवळसर मातीचा, म्हणजे लोएसचा, जाड थर होता. पलूस भागातल्या गव्हाच्या लाटदार टेकड्या आज त्याच मातीच्या आहेत. पुराच्या वाटेवरची ही माती पहिल्या तडाख्यातच गेली. मध्येमध्ये काही टेकड्या उरल्या, पण त्याही पाण्याच्या दिशेने लांबट, एका टोकाला निमुळत्या अशा तासल्या गेल्या. विमानातून पाहिले तर दक्षिणेकडे जाणारे पाणी कुठून कुठे गेले हे त्या टेकड्यांच्या आकारावरूनच कळते. माती गेली आणि खालचा उघडा कातळ पाण्याच्या तोंडी आला.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या कातळाच्या रचनेत आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. कोलंबिया पठाराचा बेसॉल्ट मुख्यतः १.७ ते १.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. लाव्हाचे थरावर थर आले आणि प्रत्येक थर थंड होताना आकसून त्याला उभे सांधे पडले. थराच्या खालच्या भागात हे सांधे नियमित असतात आणि पाच-सहा बाजूंचे जाड, सरळ स्तंभ तयार होतात. मधल्या-वरच्या भागात ते बारीक आणि वेडेवाकडे असतात. अगदी माथ्याशी वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला, ठिसूळ पट्टा असतो. मुंबईकरांनी अंधेरीची गिल्बर्ट टेकडी पाहिली असेल, तर उभे स्तंभ म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. दख्खनच्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीतही टणक थर आणि दोन थरांमधला पोकळ, ठिसूळ पट्टा असा क्रम दिसतो, आणि धरणाच्या पायाची तपासणी करणारे आम्ही लोक सर्वांत आधी हा ठिसूळ पट्टा शोधतो, कारण दगा तोच देतो.

व्हँटेजजवळच्या फ्रेंचमन कूलीत गेलात, तर एखाद्या स्तंभाला हात लावून पाहा. स्तंभाचा दगड स्वतः अभंग असतो. हातोड्याचा घाव घातला तर खणखणीत आवाज येतो आणि जेमतेम टवका उडतो. पण शेजारच्या स्तंभाशी त्याचे नाते केवळ टेकून उभे राहण्याचे असते. मधल्या फटीत नखभर माती असते, कुठे गवताची काडी उगवलेली असते, आणि स्तंभाला दर हात-दीड हातावर आडव्या चिराही असतात. म्हणजे पाण्याला दगड फोडायचाच नव्हता. निसर्गाने आधीच कापून, रचून ठेवलेले चिरे त्याला फक्त उपसायचे होते. गच्च भरलेल्या फडताळातले पहिले पुस्तक ओढताना त्रास होतो आणि त्यानंतरची पुस्तके आपोआप कलंडतात, तसे येथे झाले.

उपसण्याची क्रिया कशी चालते, ते सांगतो. पाण्यात बुडालेल्या बेसॉल्टचे वजन उत्प्लावनामुळे सुमारे एक तृतीयांशाने कमी भरते. त्यावरून वेगाने जाणारे पाणी चिऱ्याला पुढे रेटते आणि वरून दाब कमी झाल्यामुळे उचलतेही. वेगाचा परिणाम किती तीव्र असतो हे सांगणारा एक जुना नियम आहे: वेग दुप्पट झाला तर पाणी हलवू शकेल अशा धोंड्याचे वजन सुमारे ६४ पट होते. या पुरांचा वेग अरुंद जागी ताशी ८० ते १०० किलोमीटरपर्यंत गेला असावा, असे गणित सांगते. एवढ्या खोल आणि वेगवान प्रवाहात उभे भोवरेही निर्माण होतात, आणि ते तळाचे चिरे वर खेचून घेतात. पठारावर जागोजाग दिसणारे, उभ्या कडांचे आणि आज तळी झालेले खड्डे या उपसणीतून झाले आहेत.

दरी मात्र मुख्यतः धबधब्याच्या माघारीने तयार झाली. पठारावरून पाणी जिथे एखाद्या पायरीवरून खाली पडे, तिथे पायथ्याचा ठिसूळ पट्टा आधी खोदला जाई, वरचे स्तंभ आधार सुटून पुढे कोसळत, पूर तो ढिगारा वाहून नेई आणि धबधबा काही मीटर मागे सरके. ड्राय फॉल्स ही अशाच एका माघारीची शेवटची जागा आहे. हा धबधबा दक्षिणेला सोप लेकच्या बाजूने मागे मागे सरकत सुमारे २५ ते ३० किलोमीटर वर आला, आणि पूर थांबले तेव्हा जिथे होता तिथेच राहिला. कड्याची उंची सुमारे १२० मीटर आणि रुंदी साडेपाच किलोमीटरच्या आसपास आहे. नायगारा त्याच्या निम्म्याहूनही कमी उंच आहे. मागे उरलेली दरी म्हणजे खालची ग्रँड कूली. वरच्या ग्रँड कूलीत असाच दुसरा, याहून उंच धबधबा होता. तो उत्तरेकडे सरकत सरकत थेट कोलंबियाच्या खोऱ्यापर्यंत पोहोचला आणि तिथली शेवटची भिंत फुटल्यावर नाहीसा झाला. तो कसा दिसत असेल याची कल्पना ड्राय फॉल्सवरून करावी लागते. वरची कूली आता बँक्स लेक या सिंचन जलाशयाने भरलेली असल्यामुळे तिचा तळही दिसत नाही.

इथवरचे सार असे, की पाण्याचा जोर अफाट होता, कातळ सांध्यांनी आधीच सुटा होता आणि धबधब्याच्या माघारीमुळे दरी एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे वाढत गेली. या तिन्हींपैकी एकही नसते, तर आपण पाहिलेला देखावा नसता.

आता दुसरा प्रश्न. हे पूर आले होते, हेच मुळात मान्य व्हायला अर्धे शतक लागले. शिकागो विद्यापीठाचे जे हार्लन ब्रेट्झ यांनी १९२२ पासून उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत हा प्रदेश पायी पालथा घातला आणि १९२३ मध्ये एका प्रचंड पुराची कल्पना मांडली. जानेवारी १९२७ मध्ये वॉशिंग्टन शहरातल्या सभेत त्यांना बोलावून, सरकारी भूवैज्ञानिकांनी एकामागून एक आक्षेप घेतले. त्यांतला एक आक्षेप रास्त होता: एवढे पाणी आले कुठून? त्याचे समाधानकारक उत्तर तेव्हा ब्रेट्झ यांच्यापाशी नव्हते. त्याच सरकारी खात्यातले जोसेफ पार्डी यांनी मिझूला सरोवराविषयी १९१० मध्येच लिहिले होते, पण ते सरोवर झपाट्याने रिकामे झाल्याचा पुरावा त्यांनी जाहीरपणे मांडला तो १९४० मध्ये, आणि छापला १९४२ मध्ये. तो पुरावा म्हणजे माँटानातील कॅमस प्रेअरी येथील महाकाय तरंगखुणा. ओढ्याच्या वाळूत बोटभर उंचीच्या लाटा उमटतात हे आपण पाहतो. येथे खडी-गोट्यांच्या त्याच आकाराच्या लाटा १० मीटर आणि काही ठिकाणी त्याहून उंच आहेत, आणि दोन लाटांमधले अंतर शंभर मीटरच्या वर जाते. त्यांच्यावर उभे राहिले तर आपण साध्या टेकाडावर आहोत असेच वाटते, आणि त्यामुळे वॉशिंग्टनमधल्या अशा खुणांचा उलगडा मुख्यतः हवाई छायाचित्रांवरून झाला. ब्रेट्झ यांना १९७९ मध्ये, वयाची नव्वदी उलटल्यावर, अमेरिकी भूवैज्ञानिक संस्थेचे पेनरोझ पदक मिळाले. विरोध करणारे सगळे हट्टी होते असे मला वाटत नाही. उगमाशिवाय पूर मान्य करायचा नाही, ही त्यांची भूमिका शास्त्राला धरूनच होती. चूक इतकीच, की त्यांच्यापैकी बहुतेकांनी ती जमीन स्वतः जाऊन पाहिली नव्हती.

ब्रेट्झ यांनी सुरुवातीला एकच पूर धरला होता, नंतर ते अनेक पुरांपर्यंत आले. निर्णायक पुरावा दऱ्यांच्या तळाशी मिळाला नाही, कारण तिथे प्रत्येक नवा पूर आधीच्या पुराच्या खुणा पुसून टाकतो. तो मिळाला बाजूच्या शांत खोऱ्यांत. सगळे पाणी शेवटी वॉलूला गॅप या एकाच अरुंद खिंडीतून बाहेर पडत असे. खिंड पुरी पडत नसल्यामुळे मागे फुगवटा येई आणि वॉला वॉला, याकिमा यांसारख्या खोऱ्यांत पाणी उलटे चढून काही दिवस थोपून राही. थोपलेले पाणी गाळ टाकते, आणि आमच्यासारख्यांना असा गाळ म्हणजे पुराची नोंदवहीच.

वॉला वॉला खोऱ्यातल्या बर्लिंगेम घळीत हे थर एकावर एक चाळीसच्या आसपास आहेत. एका थराजवळ नाक नेऊन पाहिले, तर तळाशी भरड वाळू असते, वर जाताना ती बारीक होत होत शेवटी पिठासारखी माती होते, आणि मग सुरीने कापल्यासारख्या रेषेवर पुढच्या थराची भरड वाळू सुरू होते. रिचर्ड वेट यांनी १९८० मध्ये दाखवून दिले, की या थरांच्या माथ्यांवर उंदीर-घुशींसारख्या प्राण्यांची बिळे आहेत आणि वाऱ्याने आणलेली मातीही आहे. पाण्याखाली बिळे होत नाहीत. म्हणजे दोन थरांच्या मध्ये जमीन कोरडी होती आणि ती वर्षानुवर्षे कोरडी होती. वरच्या बाजूच्या दोन थरांच्या मध्ये माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या राखेच्या पातळ पांढऱ्या रेघाही सापडतात, आणि तीच राख दूरदूरच्या खोऱ्यांतही सापडत असल्यामुळे थरांचा मेळ घालता येतो. प्रत्येक थर म्हणजे एक पूर, असा वेट यांचा निष्कर्ष होता. काही अभ्यासकांनी सुरुवातीला तो मान्य केला नाही, आज मात्र डझनावारी पूर आले यावर बहुतेकांचे एकमत आहे. सगळे सारख्या आकाराचे नव्हते, शेवटचे पूर बरेच लहान होते, यावरही.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते, कारण माहितीपट आणि फलक पाहून बहुतेकांचा समज चुकीचा होतो. दरीच्या काठाच्या वर, पठारावर, पुराची खूण सापडली की लोक धरून चालतात, की आज दिसणारी ही संपूर्ण दरी तळापासून काठापर्यंत पाण्याने भरून वाहत होती. पण ती खूण पडली तेव्हा दरी इतकी खोल होती कशावरून? पहिले पूर उथळ पठारावरून गेले असतील आणि त्यांनी उंचावर खुणा सोडल्या असतील. पुढच्या पुरांनी दरी खोल केली असेल आणि त्या खोल दरीत ते काठाच्या पुष्कळ खाली राहिले असतील. आयझॅक लार्सन आणि मायकेल लॅम्ब यांनी २०१६ मध्ये मोझेस कूलीसाठी हेच गणित मांडले. सांधे असलेला बेसॉल्ट उपसण्यासाठी जेमतेम पुरेल इतका विसर्ग धरला, तरी दरीचा आकार आणि उंचावरच्या खुणा दोन्हींचा उलगडा होतो, आणि तो विसर्ग काठोकाठ भरलेल्या दरीच्या हिशेबापेक्षा पाच ते दहा पटींनी कमी निघतो. बांधाजवळचा कमाल विसर्ग यामुळे खोटा ठरत नाही. प्रत्येक कूलीतून तेवढे पाणी गेले असेल असे मात्र म्हणता येत नाही. मला स्वतःला हा विचार पटतो, कारण कातळाच्या नदीपात्रांत नेहमी असेच दिसते: पात्र आपल्या मर्यादेच्या थोडेसेच वर राहून कोरत जाते, आणि पाणी वाढले की आधी पात्र वाढते. तेव्हा ‘एका पुराने काही दिवसांत’ असे म्हणण्यापेक्षा, अनेक पुरांनी मिळून, प्रत्येकी काही दिवस, हजारो वर्षांच्या अवधीत दरी कोरली, असे म्हटलेले पुराव्याला अधिक धरून होईल. प्रत्यक्ष कोरण्याचे दिवस मोजले, तर मधल्या शांत काळाच्या मानाने ते अगदी थोडे भरतील.

थोड्या दिवसांत कातळ खरोखर उपसला जातो का, याचा डोळ्यांदेखतचा पुरावा टेक्सासमध्ये आहे. जुलै २००२ मध्ये कॅनियन लेक धरणाच्या सांडव्यावरून पाणी वाहिले आणि खालच्या चुनखडकात साधारण तीन दिवसांत सरासरी सात मीटर खोलीची घळ तयार झाली. तिथला कमाल विसर्ग सुमारे १,९०० घनमीटर प्रतिसेकंद होता, म्हणजे मिझूलाच्या मानाने काहीच नाही. पण दगडाला सांधे होते आणि पाणी मर्यादेच्या वर होते. उलट, वर सांगितलेल्या बर्लिंगेम घळीचे उदाहरण कुणी कातळाच्या बाबतीत देऊ लागले, तर सावध व्हा. ती घळ १९२६ मध्ये कालव्याचे पाणी वळवल्यामुळे आठवड्याभराच्या आत ३५ मीटरपर्यंत खोल झाली हे खरे आहे, पण ती पुराच्याच भुसभुशीत गाळात पडली आहे. गाळ वाहून जाणे आणि बेसॉल्ट उपसला जाणे या दोन गोष्टींची तुलना होऊ शकत नाही.

तिसरा प्रश्न सह्याद्रीचा. दगड खरोखरच त्याच जातीचा आहे. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे कितीतरी जुना, पण थर, सांधे, ठिसूळ पट्टे सगळे ओळखीचे आहे. फरक पाण्याचा आहे. हिमयुगातही महाराष्ट्रावर हिमस्तर नव्हता, त्यामुळे बर्फाच्या बांधामागे साठून एकदम सुटणारे सरोवर येथे कधीच नव्हते. आपल्याकडच्या नद्यांना पावसाळ्यात पूर येतो, पण तो पडणाऱ्या पावसाच्या प्रमाणात येतो. सह्याद्रीतल्या दऱ्या आणि कडे कोट्यवधी वर्षांच्या झिजेने, कड्यांच्या हळूहळू मागे सरकण्याने तयार झाले आहेत. म्हणून घाटातली एखादी अरुंद, उभ्या कडांची घळ दिसली की ती महापुराने एका झटक्यात कोरली, असे अनुमान काढू नये. दरीच्या आकारावरून तिच्या जन्माचे कारण ठरत नाही. मी तरी आधी पुराने आणलेले धोंडे, उंचावरचा गाळ आणि पाण्याच्या दिशेने तासलेल्या टेकड्या शोधतो. तीनपैकी काहीच सापडले नाही, तर महापुराचा विषय तेथेच सोडून देतो.

निघोजचे रांजणखळगे याबाबतीत पाहण्यासारखे आहेत. पारनेर तालुक्यात कुकडीच्या पात्रात हे खोल, गुळगुळीत, रांजणासारखे खड्डे आहेत. भोवऱ्यात अडकलेले गोटे वर्षानुवर्षे फिरून कातळ घासत राहिल्यामुळे ते झाले. त्यांच्या कडांवरून हात फिरवला तर कुठे धार लागत नाही. कोलंबिया पठारावरच्या मोठ्या खड्ड्यांच्या कडा मात्र तुटलेल्या, कोनाकोनांच्या असतात, कारण तिथला दगड घासला गेलेला नाही, उचकटला गेला आहे. जात एकच असूनही दगडावर दोन निराळ्या प्रकारांनी काम झाले, हे या दोन ठिकाणी समजते.

आपल्याकडे महापुरांचा अभ्यास होतच नाही, असे मात्र नाही. पुणे विद्यापीठाचे विश्वास काळे आणि कोलंबिया पठाराच्या पुरांचे जलगणित मांडणारे व्हिक्टर बेकर यांनी इतर सहकाऱ्यांसह नर्मदेच्या अरुंद घळींमधला थोपलेल्या पाण्याचा गाळ अभ्यासला, आणि त्यावरून नोंदी नसलेल्या काळातले मान्सूनचे मोठे पूर शोधले. वॉला वॉलात जी पद्धत चालते तीच पद्धत तिथे चालते, फक्त आकडे लहान असतात. आणि हिमसरोवर फुटून येणारा पूर भारतात पाहायचा, तर तो हिमालयात आहे: ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला सिक्कीममधले दक्षिण ल्होनाक सरोवर फुटले आणि तिस्ता नदीवरचे चुंगथांग येथील धरण वाहून गेले.

पुन्हा जाणार असाल, तर ड्राय फॉल्सच्या कठड्यावरून छायाचित्रे काढून परत फिरू नका. कड्याच्या पायथ्याशी सन लेक्सच्या बाजूने खाली जाता येते. तिथून वर पाहिले की लाव्हाचे थर मोजता येतात आणि स्तंभ कोणत्या पट्ट्यावरून निखळले हे दिसते. तिथून दक्षिणेला इफ्राटाच्या परिसरात शेतांमध्ये बेसॉल्टचे मोठमोठे धोंडे विखुरलेले आहेत. दरीतून बाहेर पडताच पाणी पसरले, वेग मंदावला आणि उपसलेला माल तिथे पडला. त्याच प्रदेशात कुठे ग्रॅनाइटचा एकटा धोंडा दिसला, तर तो बर्फाच्या तुकड्यात गोठून तरंगत आलेला असण्याची शक्यता मोठी, कारण जवळपास ग्रॅनाइट नाही. क्विन्सीजवळ क्रेसेंट बारच्या वरच्या रस्त्यावरून नदीपलीकडे वेस्ट बारवरच्या तरंगखुणा दिसतात, पण त्यासाठी सकाळी लवकर किंवा सूर्य मावळतीला असताना जावे. भर दुपारी सावल्या नसल्यामुळे काहीही कळत नाही. बर्लिंगेम घळ खाजगी जागेत असल्यामुळे परवानगीशिवाय जाऊ नये, आणि तशी गरजही नाही, कारण तसेच थर वॉला वॉला खोऱ्यात रस्त्यासाठी कापलेल्या दरडींतही दिसतात. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर जाणे बरे. तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, कातळ तापतो आणि सावली मिळत नाही. उबदार दिवसांत खुळखुळ्या सापही असतात, तेव्हा मुलांना दगडांच्या फटींत हात घालू देऊ नका.